बिघाड भोसरीत, सेन्सर चाकणला

तुझी अडचण ऐकली. तुमच्या चाकणच्या लाइनवर मोटारीमोटारीला सेन्सर आहे, रात्रंदिवस डेटा साठतोय, आणि त्यात बिघडलेल्या बेअरिंगचे नमुने शोधायला गेलं तर एका हाताची बोटंही जास्त होतात. साहजिकच आहे. मशिनं नवी, मेंटेनन्स वेळच्या वेळी, बेअरिंग कुरकुरायच्या आत बदललेलं. इकडे भोसरीच्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षं घासलेल्या मशिनांची बेअरिंगं सारखी जातात, पण तिथे सेन्सर कुणी लावलेला नाही. फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला टेकवतो, मूठ कानाला लावतो, 'गेलं' म्हणतो, पुलरनं ओढून काढतो, नवं बसवतो आणि जुनं भंगाराच्या डब्यात टाकतो. बिघाड भोसरीत आणि सेन्सर चाकणला, अशी आपली गत.

हा सगळा वयाचा हिशोब. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४ साली, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ ला, टेल्को आणि बजाज त्याच दशकात इकडे आले. चाकणला बजाजचा कारखाना आला १९९९ मध्ये, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. जुन्या मशिनांकडे अनुभव आहे पण नोंद नाही; नव्यांकडे नोंद आहे, अनुभव नाही. ही उणीव तू कॉम्प्युटरवर बनवलेल्या डेटानं भरून काढायची म्हणतेस. काढ की. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. तुझ्या मामाची हयात मेंटेनन्समध्ये गेली, तेव्हा चार गोष्टी सांगतो, त्या पदराला बांध.

बनवण्याआधी खरं गोळा कर. तुम्हा पोरांचं उलटं असतं, नमुने तीन मिळाले की लगेच तीन हजार करायला बसता. आधी तिनाचे दहा होतात का बघ. ओळखीच्या शेडमध्ये एक रिकामा डबा ठेवायला सांग, निघालेलं प्रत्येक बेअरिंग त्यात पडू दे. सोबत एक चिठ्ठी: कुठल्या मशिनचं, कुठल्या बाजूचं, किती दिवस चाललं, काढायच्या आधी काय होत होतं. पूर्वी असला माल कुदळवाडीच्या भंगार गोदामांत जायचा; २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली गोदामं पाडली, आता कुठे जातो ते शेडवाल्यांनाच विचार. वजनावर विकला गेला की त्या बेअरिंगची कहाणी संपली.

मग ते उघड. आउटर रेस ग्राइंडरनं कापून आत बघितल्याशिवाय नाव देऊ नकोस. लॉगबुकात 'बेअरिंग खराब' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळे रोग असतात. रेसवर एकाच जागी पापुद्रा निघाला असेल तर ती थकवा आल्याची खूण. बॉलच्या अंतराअंतरावर एकसारखे खळगे असतील तर कुणीतरी ते हातोड्यानं ठोकून बसवलंय. कपडे धुण्याच्या फळीसारख्या बारीक आडव्या रेघा दिसल्या तर व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालणाऱ्या मोटारीचा शाफ्टमधला करंट बेअरिंगमधून गेलाय. चाकणला हा रोग तुला जास्त भेटेल, कारण तिथे बहुतेक मोटारी व्हीएफडीवरच. ग्रीस दुधाळ झालं असेल तर कूलंट आत शिरलंय. या प्रत्येकाचा आवाज वेगळा. सगळ्यांना 'दोष' असं एकच लेबल लावून त्याच्या हजार प्रती काढल्यास, तर गोंधळाच्याच हजार प्रती निघतील.

निघालेलं बेअरिंग त्याच मापाच्या छोट्या मोटारीवर चढवून चाकणचाच सेन्सर लावून रेकॉर्ड कर. एवढी सोय तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्येही असेल. बिघाड मुद्दाम करायचाच असेल तर तोही मार्ग आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीनं तेच केलं: दोन हॉर्सपॉवरची मोटार, ६२०५ नंबरचं एसकेएफ बेअरिंग, आणि स्पार्क इरोजननं पाडलेले खळगे, व्यास सात, चौदा आणि एकवीस हजारांश इंच. सात हजारांश म्हणजे ०.१८ मिलिमीटरच्या आसपास. असा खळगा भोसरीच्या कुठल्याही टूलरूममध्ये पाडून मिळेल. ६२०५ तर आपल्या घरचंच म्हणायचं, एसकेएफचा चिंचवडचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे. त्या युनिव्हर्सिटीचा डेटा फुकट मिळतो आणि जगभरचे विद्यार्थी त्यावर शिकतात. तूही शीक. पण त्याबद्दल पुढे दोन कडू गोष्टी सांगणार आहे.

आता बनवायचं कसं. सुरुवात न्यूरल नेटवर्कनं करू नकोस, बेअरिंगच्या हिशोबानं कर. ६२०५ मध्ये नऊ बॉल. चार पोलची मोटार आपल्या ५० हर्ट्झवर भारासकट साधारण १४४० फेऱ्यांनी चालते, म्हणजे सेकंदाला २४. आउटर रेसवर खळगा असेल तर एका फेऱ्यात ३.५८५ ठोके, इनरवर असेल तर ५.४१५. गुणाकार केलास की आउटरचे सेकंदाला ८६ आणि इनरचे १३०. दोन्हींची बेरीज २१६, म्हणजे नऊ गुणिले चोवीस. ही बेरीज नेहमी जुळते, तेव्हा कुणी आकडे दिले की आधी ती करून बघ. घाईत असशील तर बॉलच्या संख्येला ०.४ नं गुण, आउटर मिळेल, ०.६ नं गुण, इनर मिळेल. मात्र नंबर सारखा असला तरी कंपनी बदलली की आतल्या बॉलची मापं, क्वचित संख्याही बदलते. कापलेलं बेअरिंग समोर आहे, त्यातले बॉल मोज.

ठोका कसा वाजतो हेही मशिनलाच विचार. मोटार बंद कर, मेन स्विचला कुलूप लाव, आणि बेअरिंगच्या हाउसिंगवर छोट्या हातोडीनं टिचकी मार. सेन्सरवर जो झंकार उमटतो, क्षणात चढतो आणि हळूहळू विरतो, तो त्या हाउसिंगचा स्वतःचा स्वर. आतून येणारा ठोका आणि बाहेरून मारलेली टिचकी अगदी एक नसतात, पण पुस्तकातल्या गुळगुळीत सूत्रापेक्षा ही टिचकी खऱ्याच्या कितीतरी जवळ जाते. तो झंकार उचल, त्याच मोटारीच्या निरोगी रेकॉर्डिंगवर दर ११.६ मिलिसेकंदाला एकेक ठेवत जा. आउटर रेसचा बिघाड तयार. दह्यासारखंच हे: दूध तुझ्याच घरचं, म्हणजे त्याच मशिनचा त्याच शेडमधला चांगला डेटा, आणि विरजण चमचाभर. विरजण आंबट निघालं तर पातेलंभर दही आंबट होतं, म्हणून तो कापून बघायचा खटाटोप.

यात तीन बारकावे आहेत आणि बहुतेक लोक तिन्ही विसरतात.

एक, बॉल थोडे घसरतात. ठोके घड्याळासारखे पडत नाहीत, एक-दोन टक्के मागेपुढे होतात. तू अगदी काटेकोर अंतरावर ठेवलेस तर स्पेक्ट्रममध्ये सुईसारख्या रेघा वरपर्यंत उभ्या राहतील, नेटवर्क त्या सुया पाठ करेल, आणि खऱ्या मशिनमध्ये सुया नसतात. दोन, भार एकाच बाजूला असतो. इनर रेस शाफ्टबरोबर फिरते, तिच्यावरचा खळगा भाराखाली आला की ठोका जोरात, वर गेला की हळू. म्हणून इनरचे ठोके सेकंदाला चोवीस वेळा चढले-उतरले पाहिजेत. आउटर जागच्या जागी असते, तिथे खळगा कुठे आहे त्यावर जोर ठरतो. आणि लक्षात ठेव, पट्ट्यावर चालणाऱ्या मोटारीत भार खाली नसतो, पट्टा ओढतो त्या बाजूला असतो. तीन, झंकाराचा स्वर वेगावर अवलंबून नाही. तो लोखंडाचा आहे. मोटार हळू चालव की जोरात, ठोके जवळ येतील किंवा लांब जातील, झंकार तोच राहील.

या तिसऱ्यावरून एक मनाई निघते. वेगवेगळ्या वेगांचे नमुने हवेत म्हणून रेकॉर्डिंग ताणायचं किंवा दाबायचं अशी एक सोपी युक्ती आहे. दोन-तीन टक्क्यांपर्यंत चालेल. पण १४४० चं रेकॉर्डिंग दाबून २८८० चं केलंस तर ठोक्यांबरोबर झंकाराचा स्वरही दुप्पट होतो, आणि असं हाउसिंग कुठल्याही फाउंड्रीत ओतलं जात नाही. दुसरी मनाई, सिग्नल उलटा फिरवू नकोस. चित्रांवर काम करणारे मांजराचा फोटो डावा-उजवा उलटा करतात, मांजर मांजरच राहतं. कंपनं मागून पुढे वाजवलीस तर झंकार आधी हळूहळू चढणार आणि ठोक्यावर येऊन थांबणार. असं बेअरिंग मी तरी पाहिलेलं नाही. तिसरी मनाई सरासरीची. २००२ मध्ये नितेश चावला आणि सहकाऱ्यांनी मांडलेली स्मोट नावाची पद्धत दोन खऱ्या नमुन्यांच्या मध्ये नवा नमुना ठेवते. चांगली पद्धत आहे, पण आरएमएस, कर्टोसिस असे आकडे काढून झाल्यावर त्या आकड्यांवर वापर. कच्च्या कंपनांवर वापरलीस तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि दोन्ही बिघाड एकमेकांना खाऊन टाकतात.

नेटवर्कनं डेटा बनवायच्या पद्धती तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत. इयान गुडफेलो आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं गॅन, त्याआधीचं व्हीएई, अलीकडची डिफ्यूजन मॉडेलं. वापरायला माझी ना नाही. पण पाच नमुन्यांवर शिकवलेलं गॅन बहुतेक वेळा त्याच पाचांना जरा धूळ लावून परत देतं, किंवा एकच नमुना पुन्हा पुन्हा. 'खऱ्यासारखं दिसतंय' ही परीक्षा नव्हे. बनवलेल्या तुकड्याचा एन्व्हलप स्पेक्ट्रम काढ. ८६ ला टोक आहे का? इनर म्हणून बनवलं असेल तर १३० च्या दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीसवर छोटी टोकं आहेत का? नसतील तर तो तुकडा कितीही खरा दिसो, टाकून दे.

तुकड्यावरून आठवलं. १०२४ बिंदूंची खिडकी घ्यायची पद्धत पडून गेलीये, कारण संख्या गोंडस आहे. सेकंदाला १२ हजार नोंदी असतील तर १०२४ बिंदू म्हणजे ८५ मिलिसेकंद. तेवढ्यात शाफ्टचे जेमतेम दोन फेरे होतात, आणि बॉल धरून ठेवणाऱ्या केजचा एक फेरासुद्धा पुरा होत नाही, त्याला १०५ मिलिसेकंद लागतात. केज तुटल्याचा रोग त्या खिडकीतून कसा दिसणार? खिडकी मोठी घे.

आता कडू गोष्टी. क्लीव्हलँडच्या डेटात एकेक रेकॉर्डिंग साधारण दहा सेकंदांचं आहे. लोक त्याचे एकमेकांवर चढलेले हजारो तुकडे करतात, पत्त्यांसारखे पिसतात, काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवतात, आणि अचूकता ९९ टक्के लिहितात. परीक्षेतला तुकडा शिकवलेल्या तुकड्याला चिकटूनच होता. भारानुसार वेगळं केलं, शून्य हॉर्सपॉवरवर शिकवलं आणि तीनवर तपासलं, तरी बेअरिंग तेच आणि खळगा तोच. बनवलेला डेटा आला की हे दुखणं वाढतं: एका नमुन्यापासून पन्नास बनवलेस आणि मग वाटणी केलीस, तर मुलं एकीकडे आणि बाप दुसरीकडे. म्हणून वाटणी आधी, बनवणं नंतर, आणि वाटणी बेअरिंगनुसार. तुझ्याकडे खरी तीन बिघडलेली बेअरिंगं असतील तर दोन बेअरिंगांपासून बनव, तिसऱ्यावर तपास, आणि हे तीनदा फिरवून कर. परीक्षेच्या ढिगात बनवलेला एकही तुकडा नको.

जर्मनीच्या पाडरबॉर्न युनिव्हर्सिटीचा डेटा या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतो मला. ६२०३ नंबरची बत्तीस बेअरिंगं: सहा निरोगी, बारा हातानं बिघडवलेली, चौदा चालवून चालवून खरोखर बिघडलेली. हातानं बिघडवलेल्यांवर शिकवून खऱ्यांवर तपासलं की अचूकता घसरते. किती घसरते ते तू स्वतः करून बघ, कारण तुझी बनवलेली बेअरिंगं चाकणच्या खऱ्या मशिनवर नेल्यावर तीच घसरण तुझ्या वाट्याला यायची आहे. त्यांनी मोटारीचा करंटही नोंदवलाय. पॅनेलमध्ये करंट मोजणारा सीटी बहुधा असतोच, तो डेटा तुला जवळजवळ फुकट पडेल.

दुसरी कडू गोष्ट जास्त फसवी आहे. निरोगी डेटा चाकणचा आणि बिघाडाचा क्लीव्हलँडचा, असं मिश्रण करून शिकवलं की निकाल झकास येतो. यायलाच हवा. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. त्यांच्या मोटारीची गुणगुण १२० ला, आपली (व्हीएफडी नसेल तर) १०० ला. तुझं नेटवर्क बेअरिंग ओळखत नाही, अमेरिका आणि चाकण वेगळं ओळखतं. बनवलेल्या डेटातही हीच खोट राहते. निरोगी सगळे खरे आणि बिघडलेले सगळे बनवलेले असतील, तर नेटवर्क तुझ्या प्रोग्रामचा हात ओळखायला शिकेल. उपाय सोपा आहे, निरोगी नमुनेही त्याच प्रोग्राममधून काढ. त्यांच्यावरही झंकार ठेव, पण बेअरिंगच्या हिशोबात न बसणाऱ्या अंतरांवर, वेडेवाकडे, आणि लेबल 'निरोगी' लाव. शेजारच्या शेडचा पॉवर प्रेस असाच दणके देत असतो. त्याचे खरे दणकेही घे: जेवणाच्या सुट्टीत तुझं मशिन बंद आणि शेजारचं चालू असतं, तेव्हा रेकॉर्ड कर.

निरोगी डेटा घेताना गुरुवार विसरू नकोस. पिंपरी-भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून ग्रीसिंग, बोल्ट आवळणं, पट्टा बदलणं सगळं त्याच दिवशी. शुक्रवारी सकाळी तेच मशिन वेगळं वाजतं, आणि सेन्सर काढून परत लावताना दोन इंच सरकला असेल तर फारच वेगळं. सेन्सरच्या मॅग्नेटखाली रंगाचा पापुद्रा राहिला तरी वरचे स्वर मरतात. निरोगी म्हणून फक्त बुधवारचा डेटा घेतलास तर शुक्रवारी सगळ्या लाइनवर लाल दिवे. उन्हाळ्यातलं पातळ झालेलं ग्रीस आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही त्यात यायला हवं. हे बनवत बसू नकोस, हे वाट बघून घे.

प्रमाणाचंही बघ. शिकवताना निम्मे निरोगी, निम्मे बिघडलेले ठेवतेस, ते ठीक. पण मग नेटवर्कला वाटतं जगात निम्मी बेअरिंगं गेलेलीच असतात. चाळीस मोटारी आहेत, प्रत्येकीची दर दहा मिनिटांनी नोंद, म्हणजे दिवसाला ५,७६०. शंभरात एकच चूक झाली तरी दिवसाला जवळजवळ अठ्ठावन्न खोट्या हाका. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर सेन्सरची वायर उपटतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही उपटली असती. कुठल्या आकड्यावर हाक मारायची ते खऱ्या, निरोगी, लांबलचक चालवण्यावर ठरव. सलग दोन-तीन नोंदी वाईट आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, एवढा नियम घातलास तरी बराच गोंगाट कमी होईल.

आणि हे सगळं करायच्या आधी एक दिवस साधा एन्व्हलप स्पेक्ट्रम लावून बघ. ८६ चं टोक उघड्या डोळ्यांना दिसत असेल, तर नेटवर्क कशाला हवं? बनवलेल्या डेटाची खरी गरज आहे तिथे, जिथे वेग सारखा बदलतो, गिअरबॉक्सचा गलका वर आहे, किंवा बॉलवरच खळगा आहे आणि तो कधी एका रेसला लागतो, कधी दुसरीला, कधी कुठेच नाही. तिथे जोर लाव. बनवलेला डेटा घालून आणि न घालता, दोन्ही निकाल शेजारी ठेव. फरक पडत नसेल तर काढून टाक, त्यात कमीपणा नाही.

फायलींच्या नावातच लिही, 'खरा' की 'बनवलेला', बनवलेला असेल तर कुठल्या बेअरिंगपासून, कुठल्या तारखेच्या प्रोग्रामनं. तुम्हा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांकडे आयएटीएफचं ऑडिट असतं, लिहायची शिस्त आहेच, ती इथेही लाव. तू वर्षभरानं दुसरीकडे जाशील, तुझ्या जागी येणाऱ्याला दोन्ही ढीग एकाच फोल्डरमध्ये सापडले तर तो बनवलेल्यापासून पुन्हा बनवेल.

राहिली स्क्रीन. तिथे 'दोष ०.८७' असं लिहू नकोस, शिफ्ट इनचार्जला त्याचं काय करायचं ते कळत नाही. 'तीन नंबर मोटार, पुलीकडची बाजू, आउटर रेस, येत्या सुट्टीला उघडा' असं मराठीत लिही. उघडतील तेव्हा तू स्वतः तिथे हजर राहा, ग्राइंडर हातात घे, कापून आत काय निघालं त्याचा फोटो काढ आणि तो नमुना खऱ्याच्या ढिगात टाक. त्या जातीचे खरे पुरेसे झाले की बनवलेले एकेक काढत जा.